झोपलेल्याला उठवायचं नाही

हॅलिगन भावंडांचं घर कापायला नेव्ह पर्किसला एक दिवस पुरला. घर लाकडाचं, खांबांवर उभं, मधोमध पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत गेलेला बोळ. नेव्हनं त्या बोळाच्या मध्यावर खडूची रेघ मारली आणि करवत चालवली. क्वीन्सलंडात घरं अशीच हलवतात. कापायची, दोन ट्रकांवर चढवायची, नव्या जागी नेऊन परत जोडायची. फरक एवढाच, की हे घर परत जोडायचं नव्हतं.

"माझा बाप हाच धंदा करायचा, त्याचाही बाप हाच," नेव्ह म्हणाला. "घर कापा आणि कापलेलंच ठेवा म्हणणारे तुम्हीच पहिले."

"मग आता पाहिलेस," डलसी म्हणाली.

डलसी हॅलिगन सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी. नाकावर कायम राग, आणि त्या रागाच्या वर चष्मा. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिचा धाकटा भाऊ व्हर्न उसाच्या शेतात राबून म्हातारा झालेला विधुर, आणि बोलायच्या बाबतीत मुळातच आळशी. दोघांत नऊ वर्षं अबोला होता, आणि नऊही वर्षं दोघं त्याच घरात राहत होते. बोळाच्या डावीकडे तिची खोली आणि स्वयंपाकघर, उजवीकडे त्याची खोली, जेवणघर आणि बाजूचा व्हरांडा. सुरुवातीला निरोप कुत्र्यामार्फत जायचे. "बस्टर, त्या गाढवाला सांग, गॅस संपलाय." बस्टर मेला तेव्हा मोठी पंचाईत झाली. दुसरा कुत्रा आणायचा तर त्यावर दोघांनी बोलावं लागलं असतं.

ओढ्याचं पाणी तिसऱ्यांदा खिडकीतून आत आलं, तेव्हा सरकारनं जमीन विकत घेतली आणि घर हवं तर उचलून न्या म्हणून सांगितलं. डलसीनं समुद्राकाठी मैत्रिणीच्या शेजारची जागा धरली, व्हर्ननं टेकडीवरची. घर कुणी न्यायचं यावर भांडण झालं नाही, कारण भांडायलाही तोंड उघडावं लागतं. वकिलानं आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "घ्या मग अर्धं अर्धं." दोघांनी माना डोलावल्या. वकिलाला तो विनोद होता हे सांगायचं धाडस झालं नाही.

तर जून महिन्यातल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका थंड सकाळी दोन ट्रक निघाले. पुढच्यावर डलसीचं अर्धं घर, मागच्यावर व्हर्नचं. पुढचा ट्रक नेव्ह चालवत होता, मागचा त्याचा जावई, आणि व्हर्न जावयाशेजारी बसला होता. चढ संपला की रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे टेकडी. डलसी आपल्या छोट्या मोटारीतून मागून येत होती आणि तिच्या डोक्यात तो फाटाच होता. तिथं ती डावीकडे वळणार, व्हर्न उजवीकडे, आणि मग संपलं. या वयात कोण कुणाकडे जातं. आपण सुटलो, असं ती स्वतःला सांगत होती, आणि दर वेळी ते जरा मोठ्यानं सांगावं लागत होतं.

फाट्याच्या अलीकडच्या वळणावर ट्रक थांबले.

वळणावर एक जुनी निलगिरी होती. तिची मांडीएवढी जाड फांदी रस्त्यावर आडवी आलेली. तेवढी फांदी छाटायची परवानगी नेव्हनं आधीच काढून ठेवली होती. करवत घेऊन तो शिडीवर अर्धा चढला आणि उतरला.

"काय झालं?" डलसीनं विचारलं.

"अस्वल आहे."

फांदी जिथं फुटत होती तिथल्या बेचक्यात एक कोआला बसला होता. हनुवटी छातीवर टेकवलेली, हात फांदीभोवती, बूड बेचक्यात नीट अडकवलेलं. कुंभकर्णी झोप लागलेली. खाली दोन ट्रक, एक घर आणि चार माणसं आली आहेत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

आता आमच्याकडे कायदा असा आहे, की झाडावर कोआला असेल तर त्या झाडाला हात लावायचा नाही. तो आपणहून उतरून जाईपर्यंत नाही. आणि तो गेला हे माहितगार माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं. नेव्हनं फोन केला आणि तासाभरात केरिन आली. केरिन हे कामच करते. घडीची खुर्ची, दुर्बीण आणि अर्धवट विणलेला मोजा घेऊन ती झाडाखाली बसली.

"कधी जाईल हे अस्वल?" नेव्हनं विचारलं.

"अस्वल नाही ते. त्याच्या मनात येईल तेव्हा जाईल."

"पण साधारण?"

"दिवसाचे वीस तास झोपतात हे. संध्याकाळी हलेल. नाहीतर नाही हलणार."

"फांदी जराशी हलवून बघितली तर?"

"झोपलेल्याला उठवायचं नाही. नियम आहे."

"हॉर्न?"

"नेव्ह."

"विचारलं नुसतं. सोंग घेतलंय त्यानं. मघाशी एक डोळा उघडून बघितलं माझ्याकडे."

"कोआला सोंग घेत नाहीत," केरिन मोजा विणत म्हणाली. "ती आपली कामं."

रस्त्यालगत खडीची मोकळी जागा होती. टपालाची गाडी अडायला नको म्हणून नेव्हनं दोन्ही ट्रक तिथं शेजारी शेजारी लावले. जागा बेताची, त्यामुळे घराचे कापलेले भाग समोरासमोर आले, मध्ये हातभर फट. ताडपत्र्या वाऱ्यावर फडफडायला लागल्या, तशा नेव्हनं त्या वर गुंडाळून बांधल्या. लांबून कुणी पाहिलं असतं तर त्याला घर अखंडच वाटलं असतं. नेव्हचा जावई ट्रकमध्येच टोपी डोळ्यांवर ओढून झोपी गेला. त्याला उठवू नये असा नियम नव्हता, पण उठवून करायचं काय?

डलसीनं शिडी आपल्या स्वयंपाकघराला लावली.

"ट्रकवरच्या घरात माणूस चढवायचा नाही," नेव्ह म्हणाला. "विम्यात बसत नाही."

"चालत्या ट्रकवरच्या. हा चालतोय का?"

नेव्हनं चाकांकडे बघून घेतलं. "नाही."

"मग शिडी धर."

नेव्हची छोटी शेगडी तिनं वर घेतली, आपल्या ओट्यावर ठेवली आणि किटली चढवली. दहाच्या चहाला आमच्याकडे पूर आला तरी कुणी चुकत नाही. चहा झाला. मग तिच्या लक्षात आलं की साखरेची बरणी जेवणघरातल्या कपाटात आहे, आणि जेवणघर व्हर्नकडे गेलंय. तेवढ्यात व्हर्नही दुसऱ्या शिडीनं आपल्या भागात चढला होता. त्याच्याकडे साखर होती, भोपळा घातलेल्या स्कोन बिस्किटांचा डबा होता, पिशवीभर संत्री होती. चहा मात्र नव्हता. दोघं कापलेल्या बोळाच्या दोन काठांवर उभे राहिले. हात लांब केला असता तर एकमेकांना लागला असता.

"नेव्ह," डलसी खाली बघून म्हणाली, "त्याला सांग, साखर दे."

"व्हर्न, साखर दे म्हणतेय."

"ऐकलं. तिला सांग, चहा दे."

"डलसी, तो म्हणतोय—"

"त्याला सांग, साखरेशिवाय चहा मी पिऊ शकते. त्यानं चहाशिवाय साखर खाऊन दाखवावी."

"हे मी सांगणार नाही," नेव्ह म्हणाला. "तो तिथंच उभा आहे."

व्हर्ननं बरणी उघडली, चमचाभर साखर तोंडात टाकली आणि सावकाश चघळली. डलसीनं बिनसाखरेचा चहा संपवला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथं घर फिरलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं, तरी ही तऱ्हा.

दुपार झाली. ऊन झाडावरून सरकलं, कोआला नाही. टपालाची गाडी येऊन गेली. टपालवाल्यानं वेग कमी केला, दोन ट्रकांवरचं घर आणि त्यातली दोन माणसं पाहिली, हात केला आणि वेग वाढवला. हॅलिगनांचं काय चाललंय हे विचारायचं नाही, एवढं त्याला कळत होतं.

डलसी खिडकीतून झाडाकडे बघत होती. तिला त्या मुटकुळ्याचा राग यायला लागला होता. इतक्या वेळात त्यानं कानसुद्धा हलवला नव्हता.

"मेलंय ते," ती म्हणाली. "उगाच बसलोय आपण."

"जिवंत आहे, डलसीबाई," केरिननं खालून दुर्बीण वर केली. "ही घ्या, पोटाकडे बघा. खूप वेळ बघावं लागतं. एकदा हललेलं दिसलं की मग दिसत राहतं."

डलसीनं बघितलं. तिला काही दिसलं नाही.

"झोपलंय ते," पलीकडून व्हर्न म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे, नुसतं म्हणाला.

डलसीच्या हातातली दुर्बीण तशीच राहिली. "नेव्ह, त्याला विचार," ती म्हणाली, "झोपलेलं आणि मेलेलं यातला फरक त्याला कधीपासून कळायला लागला?"

नेव्हनं एकदा वर बघितलं आणि तो टायरमधली हवा बघायला गेला. हवा ठीक होती. तरी तो बराच वेळ बघत राहिला.

नऊ वर्षांपूर्वीही जूनच होता, तालुक्याचं कृषी प्रदर्शन होतं. डलसी दर वर्षी फळांचा केक ठेवायची आणि दर वर्षी मर्टल गॅफनी पहिला नंबर न्यायची. त्या वर्षी पहिल्या नंबरची निळी फीत डलसीला मिळाली. ती घरी आली तेव्हा आई व्हरांड्यात तिच्या वेताच्या खुर्चीत होती आणि शेजारी व्हर्न संत्री सोलत बसला होता. आईची ती शेवटची वर्षं. दिवसाचा बहुतेक वेळ ती झोपूनच असायची, हनुवटी छातीवर टेकवून. "आई झोपलीय," व्हर्न म्हणाला. तेव्हा डलसी स्टूल ओढून आईजवळ बसली आणि हलक्या आवाजात सगळं सांगत राहिली. परीक्षकांनी सुरी कशी घातली, केक कसा ओलसर निघाला, मर्टलचं तोंड कसं झालं. म्हातारी झोपेतही ऐकायची असा तिचा विश्वास होता. शेवटी फीत आईच्या हातात द्यावी म्हणून तिनं हात उचलला, तर तो गार होता.

दिवसभर शेजारी बसून याला कळलं नाही. एवढंच तिच्या मनात राहिलं आणि तिथंच दगड झालं. आईला माती देऊन परत आल्यावर ती बस्टरशी बोलली आणि व्हर्नशी बोलणं थांबलं.

"डल्स," व्हर्न म्हणाला.

नऊ वर्षांत या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. ती वळली नाही, पण आत गेलीही नाही.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ती गेली ते. दुपारीच गेली." व्हर्न बोळाच्या आपल्या काठावर बसला, पाय फटीत सोडून. "सूप दिलं मी तिला. चार घोट घेतले. मग म्हणाली, डलसीच्या केकचं काय झालं रे? म्हटलं, ती अजून यायचीय. म्हणाली, ती आली की मला उठव. आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं बघितलं तर तशीच."

खाली केरिनच्या सुया थांबल्या.

"मी फोनपाशी गेलो होतो," व्हर्न म्हणाला. "मग वाटलं, प्रदर्शनात मंडपात सगळ्यांसमोर तुला सांगायचं कसं. म्हणून थांबलो. तू आलीस ती फीत हातात धरून आलीस. तुझं तोंड बघितलं मी, डल्स. लहानपणी तळ्यात पहिल्यांदा पोहलीस तेव्हा होतं तसं. तू म्हणालीस, आईला सांगायचंय. म्हटलं, आधी सांगू दे हिला. मग मी सांगतो. तू तासभर सांगत होतीस. मला मध्ये जागाच सापडेना."

डलसीनं चष्मा काढला, झग्याला पुसला, परत घातला. "नऊ वर्षं मी तुला गाढव समजत होते."

"माहीत आहे. तू कुत्र्याला सांगायचीस. मी घरातच असायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? की तू आईला केक सांगत होतीस तेव्हा ती नव्हतीच, आणि मला ते माहीत होतं? ते तुला जास्त लागलं असतं. त्यापेक्षा गाढव बरा. गाढवाला कुणी फार विचारत नाही."

डलसी उभी राहिली. रागाला ती सवयीनं हाक मारत होती आणि तो येत नव्हता. त्याच्या जागी जे येत होतं ते फार जड होतं. आपल्या भावानं नऊ वर्षं तिच्यासाठी मूर्ख म्हणवून घेतलं, रोज बोळाच्या पलीकडून ऐकून घेतलं, आणि आपण त्याचं घर कापून दिलं. तिला रडू येत होतं आणि नेव्हसमोर रडायचं नव्हतं.

"साखर दे," ती व्हर्नकडे बघून म्हणाली.

व्हर्ननं बरणी पुढे केली. तिनं ती फटीवरून घेतली. नेव्हनं टायर सोडला आणि आता आपली गरज नाही असं दिसताच तो आपला डबा काढून जेवायला बसला.

चहाचे दोन कप घेऊन डलसीनं फट ओलांडली. ओलांडताना एकदा खाली बघितलं. ट्रकचे दांडे, खडी, गवत. व्हर्ननं कोपर धरला, तिनं धरू दिला. व्हरांड्यात आईची वेताची खुर्ची दोरीनं खांबाला बांधलेली होती. व्हर्ननं दोरी सोडली. नऊ वर्षं डलसीनं त्या खुर्चीकडे नीट पाहिलं नव्हतं, कारण बोळाच्या पलीकडे पाहायचं नाही असं तिनंच ठरवलं होतं. ती बसली.

"तू उठवलंस का तिला?" चहा अर्धा झाल्यावर तिनं विचारलं. "मी आल्यावर?"

"मनातल्या मनात उठवलं. म्हटलं, आई, आलीय बघ. फीत आणलीय."

डलसीनं मान हलवली. व्हर्न संत्रं सोलायला लागला, साल न तोडता, एकाच लांब पट्टीत, पोरवयापासून सोलायचा तसं. त्यानं दिलेल्या फोडी तिनं खाल्ल्या. ऊन व्हरांड्यात आलं. नऊ वर्षांची झोप साठलेली असावी. तिला कळायच्या आत तिची हनुवटी छातीवर टेकली.

जाग आली ती केरिनच्या आवाजानं.

"उतरला, उतरला. कुणी हलू नका." मग बराच वेळ काही नाही. मग, "गेला ओढ्याकडे. मी पाहिलं. कापा आता फांदी."

उजेड अजून होता, मिटलेल्या पापण्यांवर तांबूस पडत होता. डलसीनं डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर उठावं लागलं असतं, शिडी उतरावी लागली असती, मोटारीत बसावं लागलं असतं. आणि पुढे तो फाटा होताच. डावीकडची जागा तिनंच निवडली होती, कागद तिनंच केले होते. आता नको म्हणायचं ते कोणत्या तोंडानं?

शिडी वाजली. नेव्हच्या बुटांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

"व्हर्न, अर्धा तास उजेड आहे. तेवढ्यात फाटा गाठू. हिला उठव."

"शू," व्हर्न म्हणाला. "झोपलीय."

नेव्ह थोडा घुटमळला. "खात्री आहे ना?" त्यानं हळूच विचारलं.

व्हर्नची खुर्ची करकरली. तो वाकला असावा, कारण संत्र्याचा वास जवळ आला आणि तिथंच थांबला. तो बघत होता. खूप वेळ बघत होता. डलसीनं श्वास नेहमीसारखा चालू ठेवायचा प्रयत्न केला आणि तिच्या लक्षात आलं की त्या दुपारीही तो असाच वाकला असेल, इतकाच जवळ, आणि एकटा.

"आहे," व्हर्न म्हणाला. "पोट हलतंय."

"मग उठव की. करवत लावायचीय मला."

"झोपलेल्याला उठवायचं नाही. नियम आहे."

"तो कोआलाचा नियम आहे, व्हर्न. मला नुसतं एवढं सांग, फाट्यावर हिचं अर्धं डावीकडेच ना?"

ते व्हर्ननं सांगायचं नव्हतं, आणि हे त्यालाही कळत होतं. संत्र्याची साल त्याच्या हातातून पडल्याचा बारीक आवाज झाला.

"नेव्ह," डलसी डोळे न उघडता म्हणाली, "दोन्ही अर्धी उजवीकडे घे. आणि हळू चालव, मी झोपलेय."